तलवारीची प्रतिकृती आणि इतिहासातील कोऱ्या जागा



ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी मला आठवीत इतिहास शिकविला. सातवाहनांच्या राज्याचा नकाशा काढावयाचा होता. मी सीमारेषा चारही बाजूंनी ठसठशीत काळ्या शाईने ओढली. गुरुजींनी वही उचलली आणि पूर्वेकडच्या रेषेवर बोट ठेवून विचारले, "ही तू कशावरून काढलीस?" मी प्रामाणिकपणे सांगितले, "नकाशा अपुरा दिसत होता, गुरुजी." ते रागावले नाहीत. जे पुराव्याने ठाऊक आहे त्याला शाई, जे अंदाजाने सांगावयाचे त्याला तुटक रेघ, आणि जेथे काहीच ठाऊक नाही तेथे कोरा कागद, एवढेच त्यांनी सांगितले. हैदराबादेतील त्या वर्गात ऐकलेला हा नियम मला पुढे आयुष्यभर पुरला असता. मी तो एकदा मोडला. त्याची हकीकत शेवटी सांगणार आहे. आजचा विषय मात्र इंग्लंडमधील एका तलवारीचा आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने तलवारीवर, तीही अँग्लो-सॅक्सन तलवारीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. निमित्त घडले ते या शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्यामुळे. पुढे महाविद्यालयात तो माझ्या वर्गात होता. आज तो अभियंता म्हणून इंग्लंडमध्ये स्थायिक आहे. तेथील त्याच्या गावच्या इतिहासप्रेमी मंडळींनी ठरविले की, संग्रहालयात काचेआड दिसणारी जुनी तलवार शाळकरी मुलांना एकदा हातात धरता यावी, म्हणून तिची हाताने घडविलेली प्रतिकृती करवून घ्यावी. वर्गणी जमली, पारंपरिक पद्धतीने काम करणारा लोहारही मिळाला. परंतु त्या लोहाराने ऐरणीवर घण मारण्यापूर्वी प्रश्नांची यादीच पाठविली. कोणत्या शतकातील तलवार हवी? पात्यावर नक्षी हवी, तर ती कोणत्या रीतीची? मूठ कशाची? म्यान हवे काय? आणि ती नवी दिसावी की जुनी? विद्यार्थ्याने ती यादी मला धाडली व लिहिले, "सर, वस्तू मागवायला निघालो होतो, परीक्षेलाच बसावे लागले."

त्या यादीने मला विचारात पाडले. ग्रंथात आपण सहज लिहून जातो की, 'त्या काळी योद्धे सुंदर मुठीच्या तलवारी बाळगीत.' असे वाक्य लिहिणाऱ्याला मूठ लाकडाची होती की शिंगाची, हे सांगावे लागत नाही. लोहाराला मात्र ते ठरवावेच लागते. वर्णनात झाकून जाणारे अज्ञान वस्तू घडविताना उघडे पडते.

पहिला प्रश्न काळाचा. इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सन कालखंड पाचव्या शतकापासून १०६६ पर्यंतचा मानतात. या सहाशे वर्षांत तलवार एकच राहिली नाही. मंडळींनी सातव्या शतकाचा प्रारंभ निवडला, याचे कारण सटन हू. सफोक परगण्यातील या ठिकाणी ईडिथ प्रेटी या जमीनमालकीणबाईंनी आपल्या शेतातील प्राचीन उंचवटे उकरून पाहण्याचे काम बेसिल ब्राउन या स्वयंशिक्षित उत्खननकाराकडे सोपविले होते. १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांतील एका उंचवट्याखाली सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज मिळाले. 'मिळाले' हा शब्दही तसा जपूनच वापरावा लागतो. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. वाळूत त्याचा ठसा आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा तेवढ्या उरल्या होत्या. जे नाहीसे झाले त्याची आकृती रिकाम्या जागेवरून वाचावी लागली. जहाजाच्या मध्यभागी राजाला शोभेल अशी संपत्ती होती. हे दफन बहुधा ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे असावे असे मानतात. बाईंनी हा सारा ठेवा ब्रिटिश म्युझियमला दान केला.

त्या ठेव्यातील तलवार सुमारे ८५ सेंटिमीटर लांबीची आहे. तिच्या मुठीवरील सोने व तांबडे खडे आजही लखलखतात, पाते मात्र म्यानासकट गंजून एकजीव झाले आहे. ते बाहेर काढणे शक्य नाही. पात्याच्या पोटात काय आहे, ते क्ष-किरणांनी सांगितले. सळ्यांच्या आठ जुड्या, चार-चारच्या दोन थरांत पाठीला पाठ लावून जोडलेल्या, काही ठिकाणी पिळलेल्या, काही ठिकाणी सरळ ठेवलेल्या, आणि त्यांच्या कडेने धारेचे पोलाद.

येथेच यादीतील दुसरा प्रश्न येतो, नक्षीचा. माझ्या विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या पत्रात 'दमास्कस पोलादाची तलवार' असा शब्द वापरला होता. हा घोटाळा बहुतेकांचा होतो. आपल्यासारख्या हैदराबादकरांनी तो करू नये. दमास्कसची म्हणून जगात गाजलेली पाती ज्या पोलादाची होत, ते पोलाद मुशीत वितळवून तयार होई, आणि त्याचे एक मोठे केंद्र आपल्या तेलंगणात, निजामाबादकडील कोनासमुद्रम येथे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसे या इंग्रज शल्यवैद्य-भूवैज्ञानिकाने तेथील भट्ट्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि तेथे पोलाद खरेदीस येणाऱ्या इराणी व्यापाऱ्यांचाही उल्लेख केला आहे. त्या पोलादाच्या पात्यावर जी लहरींची नक्षी दिसते, जिला आपल्या दख्खनीत जौहर म्हणतात, ती धातूच्या अंतरंगातूनच उमटते. धातू थिजताना तिचे बीज पडते.

अँग्लो-सॅक्सन लोहाराजवळ असे पोलाद नव्हते. त्याच्याजवळ होते ते लहान भट्टीतून निघालेले, कोठे मऊ तर कोठे कडक, असे कमी-अधिक प्रतीचे लोखंड. त्याने त्याच्या सळ्या केल्या, त्यांच्या जुड्या बांधल्या, तापवून दोरासारखा पीळ दिला, आणि मग या पिळदार पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून, पांढऱ्याजवळ जाणाऱ्या पिवळ्या तावावर, घणाखाली एकमेकींत जिरविल्या. एका पट्टीला उजवा पीळ, शेजारणीला डावा. अशी जोडी घासून काढली की माशाच्या काट्यासारखी तिरकस रेषांची नक्षी दिसते. आणखी खोल घासली, पट्टीच्या गाभ्यापर्यंत गेले, की त्याच रेषा वळून अर्धवर्तुळे होतात. नक्षी अशी आधी मनात रचून मगच लोखंडात उतरवावी लागे. जौहर उमलतो, ही नक्षी मात्र विणली जाते.

या पद्धतीला आज रूढ असलेले इंग्रजी नाव हर्बर्ट मॅरियन यांनी १९४८ साली दिले. परंतु नाव देणे वेगळे आणि करून पाहणे वेगळे. १९५० नंतरच्या दशकात जॉन अ‍ॅन्स्टी यांनी स्वतः भट्टी पेटवून असे पाते घडवून पाहिले आणि १९६१ साली लिओ बिएक यांच्यासह त्याचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. नक्षीसाठी निरनिराळ्या धातूंच्या तारा पात्यावर जडविल्या असतील, पट्ट्या वेणीसारख्या गुंफल्या असतील, असे तर्क विद्वान करीत आले होते. साधा पीळ आणि घासणी एवढ्याने ती सारी वळणे उमटतात, हे भट्टीने दाखवून दिले. पुढे स्कॉट लँक्टन या अमेरिकन लोहाराने सटन हूच्या पात्याची प्रतिकृती घडविली. तिच्यावरील अभ्यास १९८९ साली पुस्तकरूपाने आला आणि ती प्रतिकृती ब्रिटिश म्युझियमने स्वीकारली. एकीकडे गंजाचा तपकिरी ढेकूळ आणि दुसरीकडे प्रवाहासारखे झळकणारे पाते, ही दोन्ही एकाच वस्तूची रूपे आहेत, हे मनाला पटविण्यास कितीही पृष्ठांचे वर्णन अपुरे पडले असते.

अशी नक्षी त्या काळच्या माणसाला दिसत होती काय, की ती आमच्या क्ष-किरणांनीच शोधली? याचे उत्तर इटलीत सापडते. सहाव्या शतकाच्या आरंभी थिओडोरिक राजाच्या वतीने कॅसिओडोरसने लिहिलेल्या एका पत्रात भेट आलेल्या तलवारींचे आभार मानले आहेत. पात्यांच्या मध्यभागी जणू लहान सर्प वळवळतात आणि तेथे छायांचे नाना रंग खेळतात, अशा आशयाचे त्यात वर्णन आहे. तेव्हा पाहणारे पाहत होते. ही मेहनत बळकटीसाठी होती की सौंदर्यासाठी, हा वाद मात्र जुना आहे. पिळामुळे पाते आपोआप अधिक मजबूत होते असे आता सहसा मानीत नाहीत. सौंदर्य, प्रतिष्ठा आणि घडविणाऱ्याच्या हातावरील विश्वास यांचाच वाटा मोठा दिसतो.

तिसरा प्रश्न मुठीचा, आणि येथे शाई संपते. शिंग, लाकूड, हाड, कातडे ही सारी मातीत कुजणारी द्रव्ये. बहुतेक तलवारींच्या मुठीचा मधला भाग नाहीसाच झालेला आहे. क्वचित गंजात लाकडाचे तंतू किंवा शिंगाची खूण अडकून राहिलेली मिळते, तेवढ्यावरून अनुमान करावयाचे. म्यानाबाबत थोडे अधिक सांगता येते. लाकडाच्या दोन पातळ फळ्या, वरून कातडे, आणि आतून लोकर, जिच्या नैसर्गिक तेलकटपणाने पाते गंजापासून जपले जाई.

माझ्या विद्यार्थ्याला मात्र मुठीवर सटन हूसारखे सोने व खड्यांचे काम हवे होते. ते खडे गार्नेटचे, ज्याला आपण तामडा म्हणतो. शास्त्रज्ञांनी केलेल्या पृथक्करणांवरून त्या काळच्या युरोपीय दागिन्यांतील पुष्कळसे तामडे भारत व श्रीलंकेतून गेलेले दिसतात. सातव्या शतकात त्यांच्या जोडीला बोहेमियातील लहान खडे येऊ लागले. हे कळल्यावर तो हरखला. "सर, आपल्याकडचा खडा इंग्रज राजाच्या मुठीत! मग प्रतिकृतीत तो हवाच." मलाही क्षणभर मोह झाला. पण मी त्याला स्टॅफर्डशरच्या ठेव्याची आठवण दिली. २००९ साली शेतात सापडलेल्या या ठेव्यात सुमारे ४,६०० लहानमोठे तुकडे आणि जवळजवळ चार किलो सोने होते. त्यांतील बहुतांश भाग तलवारींच्या मुठींवरून उचकटून काढलेले, आणि पाते एकही नाही. सोन्याच्या मुठी होत्या, हे खरे. परंतु त्या मूठभरांच्याच होत्या. मुलांच्या हाती राजाची तलवार देऊन 'अशा असत तलवारी' म्हणणे म्हणजे एका दालनावरून सारा गाव श्रीमंत ठरविणे होय. अखेर मूठ साध्या शिंगाची करावयाची आणि ती अनुमानाची आहे, असे स्पष्ट सांगावयाचे ठरले.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला. नवी की जुनी? बाजारात वस्तूला कृत्रिम जुनेपण आणण्याची कला आहे. आम्लाने गंज चढविता येतो, कडा झिजविता येतात. परंतु झीज हा तलवारीचा जीवनवृत्तान्त असतो. सटन हूच्या मुठीच्या टोकाचे सोने एका बाजूस अधिक झिजले आहे. ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक सू ब्रनिंग यांनी त्यावरून असे मत मांडले की, ती वागविणारा पुरुष डावखुरा असावा. हात टेकवून टेकवून झिजलेल्या त्या सोन्यात एक माणूस शिल्लक राहिला आहे. अशी झीज कानसने करणे म्हणजे न जगलेले आयुष्य लिहिणे.

आणि या तलवारी दीर्घायुषी असत. अ‍ॅथेलरेड राजाचा पुत्र अ‍ॅथेलस्टन याचे १०१४ च्या सुमाराचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात त्याने आपला भाऊ एडमंड याला एक तलवार दिली आहे, जी पूर्वी ऑफा राजाची होती. मर्शियाचा हा ऑफा ७९६ मध्ये वारला, म्हणजे ती तलवार दोनशेहून अधिक वर्षे हातोहात चालत आलेली मानली जात होती. त्याच मृत्युपत्रात आपल्या शिकलगाराला, एल्फनॉथला, त्याने एक खाच पडलेली नक्षीची तलवार दिली आहे. राजपुत्र मरताना शिकलगाराचे नाव घेतो, हे मला फार मोलाचे वाटते. ज्याने आयुष्यभर पाती उजळली, त्यालाच खाच पडलेली तलवार मिळाली. ती नीट करण्याचे ज्ञान त्याच्याच हातात होते. त्याआधी, नवव्या शतकातील अल्फ्रेड राजाच्या कायद्यात शिकलगार आणि लोहार यांच्यासाठी कलम आहे. दुसऱ्याचे शस्त्र वा काम हाती घेतले, तर ते जसे घेतले तसे निर्दोष परत करावे. काम सोपविणारा व काम करणारा यांच्यामधील विश्वासाला कायद्याने इतक्या पूर्वी शब्द दिला होता. प्रतिकृती नवीच करावयाची, हे आम्ही या कलमावरून ठरविले असे म्हटले तरी चालेल. भूतकाळाकडून जे घेतले, त्यात आपली लबाडी मिसळू नये.

सटन हूच्या ठेव्यातील शिरस्त्राणाची कथाही याच जातीची आहे. पाचशेहून अधिक तुकड्यांतून मॅरियन यांनी १९४५-४६ मध्ये ते जुळविले. ते जगभर गाजले. पुढे त्यातील जुळणीबद्दल शंका निघाल्या, तेव्हा १९६८ मध्ये ते पुन्हा सुटे करण्यात आले, आणि नायजेल विल्यम्स यांनी १९७०-७१ मध्ये ते नव्याने उभे केले. ज्या रूपाला लोक ओळखू लागले होते, तेच मोडण्याचे धैर्य एका संस्थेने दाखविले. ते शक्य झाले याचे कारण, मूळ तुकडा कोणता आणि भर कोणती, हे वेगळे करता येत होते.

आता माझी हकीकत. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. १७३१ च्या आगीत तिच्या कडा करपल्या आणि पुढे त्या झडत राहिल्या. १७८७ च्या सुमारास थोर्केलिन या आइसलंडी विद्वानाने करविलेल्या व केलेल्या नकलांमुळे आज मुळात नसलेली पुष्कळ अक्षरे वाचता येतात. त्या नकलांचे मोल ते दिसले तसे उतरविण्याच्या प्रयत्नात आहे. मी हे वर्गात अनेकदा शिकविले. परंतु माझ्या पीएच.डी.च्या वेळी मराठवाड्यातील एका मठातील ओवीबद्ध पोथी संपादताना, कसरीने खाल्लेल्या एका जागी मी चार अक्षरे माझ्या मनाने भरली. ओवी छान जुळली. आणि कंस घालावयाचा राहिला, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. तो राहिला नव्हता. ओवी अपुरी दिसत होती, म्हणून मी तो घातला नाही. पुढे ती अक्षरे दोन अभ्यासकांनी त्या कवीच्या भाषेचा नमुना म्हणून उद्धृत केली. माझा शब्द त्या कवीचा झाला. लोहाराची यादी वाचीत असताना मला आठवीतली ती काळी रेघ दिसली. गेल्या वर्षी मी त्या दोघांना पत्रे लिहिली, ग्रंथालयातील प्रतीत शुद्धिपत्र चिकटविले, आणि आज आपल्यासमोर सांगून मोकळा होत आहे.

तलवार तयार झाली, तेव्हा मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. विद्यार्थ्याने ती माझ्या हातात दिली. वजन किलोभराच्या आसपास. चित्रपटांनी मनात भरविलेल्या जडपणापेक्षा कितीतरी हलकी. धार बोथट ठेवलेली. उजेडात फिरविली की पन्हळीतली नक्षी सरकल्यासारखी वाटे. मूठ बसविण्यापूर्वी लोहाराने पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर आपली खूण आणि वर्ष ठोकले होते. उद्या ही तलवार मातीत गेली, शिंग कुजले आणि कोणा उत्खननकाराच्या हाती लागली, तर तिने कोणाला फसवू नये. वापरणाऱ्याला ती खूण कधी दिसणार नाही. तरीही ती तेथे आहे.

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत एका मुलाने ती दोन्ही हातांनी पेलली आणि विचारले, "ही खरी आहे का?" माझा विद्यार्थी म्हणाला, "पाते असेच करीत असत, हे आम्हांला ठाऊक आहे. मूठ आमचा अंदाज आहे. आणि हिच्या मालकाचे नाव काय असते, ते कोणालाच ठाऊक नाही." शाई, तुटक रेघ, कोरा कागद. गुरुजी त्याच्या वेळी निवृत्त झाले होते, त्याला ते कधी शिकवावयास नव्हते. तरीही त्यांचा नियम त्याच्यापर्यंत पोहोचला होता, याचा आनंद मी आज येथे नोंदवितो.